मिरजेतल्या वस्तीत वर्षभराचा संगीतवर्ग आणि छोटा महोत्सव: ६ लाख २० हजार कुठून उभे करायचे?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी,

मिरजेतली आमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक न्यास म्हणून, अशी दोन्हीकडे नोंदलेली आहे. नोंदणीला साडेतीन वर्षं झाली. ३ वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब तयार आहेत. पॅन आहे, नीती आयोगाच्या पोर्टलवरचा दर्पण क्रमांक आहे, आयकराच्या १२ए (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला सवलत) या नोंदण्या तात्पुरत्या आहेत, दोन वर्षांपूर्वी मिळालेल्या. सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी म्हणजे सीएसआर घेण्यासाठीची नोंदणी) नाही, एफसीआरए (परदेशी देणगीची परवानगी) नाही.

दोन वस्त्यांमधल्या ४० मुलांसाठी वर्षभर गाणं, हार्मोनियम आणि ढोलकीचा वर्ग घ्यायचा आहे. त्याच वस्त्यांतल्या वयस्कर बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून घ्यायच्या आहेत. वर्षाअखेर दोन दिवसांचा महोत्सव, त्यात मुलंही गाणार आणि या बायकाही.

अंदाजपत्रक असं:

शिक्षक मानधन: ३ शिक्षक, आठवड्याला प्रत्येकी २ वर्ग, ४० आठवडे, वर्गाला ६०० रुपये. एकूण १,४४,०००
वाद्ये (हार्मोनियम ५, ढोलकी ८, टाळांच्या १० जोड्या, तंबोरे २): १,२६,०००
ओव्यांचं ध्वनिमुद्रण, गायिकांचं मानधन, लेखन: ७५,०००
महोत्सव: २,५०,०००
कार्यालय आणि लेखापरीक्षण: २५,०००
एकूण ६,२०,०००

प्रश्न असे. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाकडे एकगठ्ठा मागावेत का? आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, त्यांचा सीएसआर मिळतो का? आणि मंजूर झालेले पैसे हातात यायला उशीर झाला तर वर्ग चालू कसे ठेवायचे? इथे हिशेब आणि अर्ज दोन्ही कळणारे लोक आहेत म्हणून विचारतोय.

---

खतावणी

तिसरा प्रश्न पहिला घ्यायला हवा होता. बहुतेक संस्था अर्ज नामंजूर झाल्यामुळे अडकत नाहीत. मंजुरी येते, पैसे येत नाहीत, आणि दरम्यान मंडपवाला दारात उभा राहतो.

एकगठ्ठा मागू नका. तुमच्या अंदाजपत्रकात चार वेगळ्या स्वभावाचे खर्च आहेत आणि त्यांना पैसे देणारेही वेगळे. महोत्सव मंत्रालयाकडे, वर्ग आणि वाद्ये कंपन्यांकडे, ओव्या कलेला अनुदान देणाऱ्या प्रतिष्ठानाकडे, आणि कार्यालयाचे २५ हजार गावातून. कार्यालयाच्या खर्चाला कोणी खुशीने पैसे देत नाही, त्यामुळे ते देणगीतूनच निघतील असं धरून चाला.

मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेत तुमच्या कामाचा घटक म्हणजे सांस्कृतिक कार्यक्रम आणि निर्मिती अनुदान. महोत्सव, कार्यशाळा, चर्चासत्र, नाट्य-नृत्य-संगीत निर्मिती यांना ते मिळतं. नोंदणीला किमान ३ वर्षं पूर्ण हवीत, ती तुमची झाली आहेत. कमाल मर्यादा ५ लाख, अपवादात्मक प्रकल्पाला २० लाखांपर्यंत. पण कळीचा नियम हा, की एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच अनुदान. उरलेले २५ टक्के तुम्ही आणायचे.

आता हे तुमच्या महोत्सवाला लावून बघा. खर्च २,५०,०००. अनुदान जास्तीत जास्त १,८७,५००. तुमचा वाटा ६२,५००. अनुदान दोन हप्त्यांत येतं, आधी ७५ टक्के, हिशेब दिल्यावर २५. म्हणजे पहिला हप्ता १,४०,६२५ आणि दुसरा ४६,८७५. महोत्सवाच्या रात्री सगळ्यांचे पैसे चुकते करायला तुमच्याकडे स्वतःचे १,०९,३७५ लागतील, ६२,५०० नव्हे. आणि पहिला हप्ताच महोत्सवानंतर आला तर पूर्ण अडीच लाख. ही रक्कम कुठून येणार हे कार्यकारिणीच्या ठरावात लिहून मगच अर्ज करा. सभासदांकडून बिनव्याजी हातउसने घ्यायचे तर तेही बँकेतून, ठरावाने, परतफेडीच्या तारखेसह.

मागितलं तेवढं मंजूर होईल असं समजू नका. १ लाखच मंजूर झाले तर काय कापणार, हे आधी ठरवून ठेवा. दुसरा दिवस कापता येतो. ध्वनिव्यवस्था कापली तर मुलांचा आवाजच पोचणार नाही.

आणखी एक, तात्पुरत्या १२ए-८०जीची मुदत ३ वर्षांची असते. कायमच्या नोंदणीचा अर्ज मुदत संपण्याआधी ६ महिने किंवा काम सुरू झाल्यापासून ६ महिने, यातलं जे आधी येईल तेव्हा करायचा असतो. तुमचं काम चालू आहे, म्हणजे ही तारीख बहुधा उलटून गेली आहे. सगळं बाजूला ठेवून आधी सनदी लेखापालाकडे जा.

---

मंद्रसप्तक

साखर कारखान्यांबद्दल. हा गैरसमज सांगली-कोल्हापूर पट्ट्यात सगळीकडे आहे. सीएसआरची सक्ती कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ ची, आणि ती फक्त कंपन्यांना. सहकारी कारखाना ही सहकारी संस्था, कंपनी नाही. नागरी सहकारी बँकेचंही तेच. त्यांच्याकडे सीएसआरचा अर्ज घेऊन गेलात तर चेअरमन चहा पाजतील, पाठीवर हात ठेवतील आणि कागद फायलीत जाईल.

त्यांच्याकडे पैसे नसतात असं नाही. सहकार कायद्यात नफ्यातला काही भाग सार्वजनिक किंवा धर्मादाय कामासाठी बाजूला काढायची तरतूद आहे. नफ्याची वाटणी वार्षिक सर्वसाधारण सभेत ठरते आणि सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. तेव्हा तुमचं पत्र मे-जूनमध्ये, ताळेबंद तयार होत असताना जायला हवं. ऑक्टोबरात गेलात तर वर्ष गेलं. मागणी छोटी आणि ठोस ठेवा, "५ हार्मोनियम" अशी. "सांस्कृतिक उपक्रमास सहकार्य" असं लिहिलं की ५ हजारांचा धनादेश आणि पावतीवर फोटो, एवढ्यावर भागतं.

खरा सीएसआर हवा तर मिरज आणि कुपवाड औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्या बघा. निकष: आदल्या आर्थिक वर्षात निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी. यातला एक पुरेसा. आपल्याकडच्या मध्यम कारखान्यांना बहुधा तिसरा लागू होतो. राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर जिल्हा आणि क्षेत्र निवडून कुणी कशावर किती खर्च केला ते दिसतं. आधी ती यादी काढा, मग दारं ठोठावा.

ज्या कंपनीचं वर्षाचं सीएसआर दायित्व ५० लाखांपर्यंत आहे, तिला वेगळी सीएसआर समिती लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. अशा ठिकाणी अर्ज मनुष्यबळ विभागात देऊन वाट बघण्यात अर्थ नाही. थेट संचालकांची वेळ मागा.

कंपनीकडे काय मागायचं आणि काय नाही, हे नीट समजून घ्या. सीएसआरमध्ये काय बसतं याची यादी कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ मध्ये आहे, तिच्यात कला-संस्कृतीचं रक्षण आणि पारंपरिक कला व हस्तकलांचा विकास ही बाब आहे. त्यामुळे वर्ग बसतो, वाद्ये बसतात. महोत्सव बसत नाही, किंवा ओढून-ताणून बसवावा लागतो. एकदाच होणारे कार्यक्रम आणि जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरत नाहीत. २०१४ च्या परिपत्रकापासून हे स्पष्ट आहे, तरी निम्मे अर्ज महोत्सवाचेच असतात.

मिरजेचा सितार आणि मिरजेचा तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तुमच्या यादीत दोन तंबोरे आहेतच. ते इथल्याच कारागिरांकडून घ्या आणि वर्षातून चार वेळा त्याच कारागिरांनी मुलांना जवारी कशी काढतात (तारेला घुमारा यावा म्हणून घोडी घासणं), तार कशी बदलतात ते दाखवायचं, असं अर्जात घाला. मग अर्ज "पारंपरिक कला व हस्तकला" या शब्दांत नेमका बसतो, आणि खर्च जेमतेम दहा हजारांनी वाढतो.

वेळ: कंपन्यांचा वार्षिक आराखडा एप्रिल-मेमध्ये ठरतो. तेव्हा १,४४,००० आणि १,२६,००० असे दोन्ही मागा. जानेवारी-फेब्रुवारीत ज्यांचे पैसे शिल्लक राहतात ते घाईत असतात, तेव्हा फक्त वाद्ये मागा. वाद्यांचं बिल मार्चच्या आत होतं, ४० आठवड्यांचं मानधन होत नाही.

सीएसआर-१ शिवाय यातलं काहीही पुढे सरकत नाही. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरायचा, पदाधिकाऱ्याची डिजिटल सही आणि सनदी लेखापालाचं प्रमाणपत्र लागतं. त्याला १२ए-८०जी लागतात, म्हणून खतावणी यांनी वर सांगितलेलं काम आधी.

---

ओवीवेडी

ओव्यांच्या भागाला सगळ्यात कमी पैसे लागणार आहेत आणि सगळ्यात जास्त विचार. म्हणून लिहितेय.

बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे बघा. १९९३ मध्ये स्थापन झालेलं, कला-संशोधन आणि कला-प्रत्यक्षकाम दोन्हींना अनुदान देणारं स्वतंत्र प्रतिष्ठान आहे. व्यक्तीच्या नावानेही प्रस्ताव करता येतो आणि भारतीय भाषांत लिहिता येतो, मराठीत लिहायला लाजू नका. मात्र त्यांना "४० मुलांना लाभ" यात रस नसतो. त्यांना प्रश्न हवा असतो. "वस्तीत राहायला आल्यावर जातं गेलं, मग ओवी कुठे गेली? धुणं धुताना, भाकरी थापताना म्हणतात का? चाल तीच राहिली का?" असा एक नेमका प्रश्न आणि तो शोधायची तुमची रीत, एवढं दोन पानांत मांडा.

"महाराष्ट्रात प्रथमच" हे शब्द चुकूनही लिहू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात १ लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या आहेत आणि त्या आता पारी या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहाच्या संकेतस्थळावर खुल्या आहेत. प्रस्ताव वाचणाऱ्याला हे माहीत असतंच. त्या संग्रहात तुमच्या भागातल्या गावांच्या ओव्या आहेत का, त्या कशा आहेत, आणि तुम्ही वेगळं काय करणार, हे लिहिलंत तर प्रस्ताव उभा राहतो.

७५ हजारांची फोड मी अशी करेन: १५ गायिका, प्रत्येकी २,००० प्रमाणे ३०,०००. रेकॉर्डर, मायक्रोफोन आणि स्टँड २५,०००. ओव्या ऐकून लिहून काढणं २०,०००. शेवटची रक्कम कमी वाटते आणि आहेही. एका तासाचं ध्वनिमुद्रण लिहायला पाच-सहा तास सहज जातात, कारण ओवीत "बाई", "गं", "माझ्या" ही भर कुठे पडते तेही लिहावं लागतं. कुठे वाढवायचं असेल तर इथे वाढवा.

तांत्रिक: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही. एमपी३ मध्ये मूळ ध्वनिमुद्रण करू नका, एकदा गेलेलं परत येत नाही. पंखा बंद, पत्र्याच्या खोलीत दुपारी नको. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. खरं जातं फिरवत म्हणणार असतील तर एक मायक्रोफोन तोंडाजवळ आणि एक जात्यापासून हातभर लांब, दोन वेगळ्या मार्गिकांवर. एकाच मायक्रोफोनवर घेतलं तर घरघरीत शब्द बुडतात.

संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि वाचून दाखवल्याचं ध्वनिमुद्रण सोबत. त्यात चार गोष्टी स्वतंत्र विचारा: जपून ठेवायचं का, महोत्सवात वाजवायचं का, इंटरनेटवर टाकायचं का, नाव द्यायचं का. एकाच "हो" खाली सगळं घालू नका. सासू-जावेबद्दलची ओवी संग्रहात चालते, पण फोनवर फिरायला लागली की घरात भांडण होतं. कायद्याने सादरकर्तीचा हक्क तिचाच असतो.

जाता जाता: ५० वर्षांवरच्या आणि १५ वर्षांहून जास्त काळ कला जपणाऱ्या गायिकांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे, दरमहा ५,००० रुपये. उत्पन्नाची अट आहे आणि तो तुमच्या प्रकल्पाचा पैसा नव्हे. पण फोटो, पत्रिका, प्रमाणपत्रं यांची फाईल तुम्ही तयार करताच आहात, तिच्याच प्रती त्यांच्या अर्जाला कामी येतील.

---

नागपुरी_संत्रं

सांस्कृतिक मंत्रालयाच्या क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांचं कोणी काढलं नाही म्हणून. महाराष्ट्र दोन केंद्रांत येतो, नागपूरचं दक्षिण मध्य आणि उदयपूरचं पश्चिम. दोन्हींकडे लिहिता येतं.

ही केंद्रं छोट्या संस्थेला सहसा रोख अनुदान देत नाहीत. ती कलाकार पाठवतात. मानधन आणि प्रवास केंद्राचा, मंच, ध्वनी, राहणं-जेवण तुमचं, अशी वाटणी ठरते. महोत्सवाच्या एका संध्याकाळी दोन पथकं अशी मिळाली तर कलाकारांच्या मानधनाचा आकडा बराच खाली येतो. पण मग तो खर्च मंत्रालयाच्या अंदाजपत्रकात दाखवू नका. एकाच कलाकाराचं मानधन दोन सरकारी खिशांतून दाखवलं तर ते पकडलं जातं, आणि पुढचा अर्ज कायमचा बाजूला.

दुसरा घोळ नावाचा. "गुरु-शिष्य परंपरा" नावाच्या दोन योजना आहेत. मंत्रालयाची रेपर्टरी अनुदानाची: गुरूला महिना १५,०००, शिष्याला वयानुसार २,००० ते १०,०००. ती नियमित प्रयोग करणाऱ्या नाट्य-संगीत-नृत्य मंडळ्यांसाठी आहे. दुसरी क्षेत्रीय केंद्रांची: गुरूला ७,५००, साथीदाराला ३,७५०, शिष्याला १,५००. ती लोप पावणाऱ्या कला शिकवण्यासाठी. तुमच्यासारख्या वर्गाला पहिलीत जागा नाही. दुसरीत "हार्मोनियम वर्ग" म्हणून नाही, पण एखाद्या जुन्या शाहिराकडे किंवा भेदिक (कोडी घालणारी शाहिरी) गाणाऱ्याकडे पाचसहा मुलं बसवणार असाल तर विचारून बघण्यासारखं आहे. एकीचा तक्ता बघून दुसरीचा अर्ज भरलेले लोक दरवर्षी असतात.

---

फेरफार

कागदांवर थोडं, कारण अर्ज इथेच मरतात.

नाव. नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, बँक खातं, दर्पण आणि पीएफएमएस (सरकारी पैसे खात्यात पाठवणारी प्रणाली), पाचही ठिकाणी इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर तेच हवं. "प्रतिष्ठान" मधला एक एच बँकेने गाळला तर पीएफएमएसमध्ये खातं जुळत नाही आणि मंजूर पैसा महिनोन्‌महिने लटकतो. बँकेत दुरुस्ती करणं सोपं, म्हणून तिथेच करा.

पदाधिकारी. धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट १ वर (न्यासाच्या नोंदवहीचा उतारा) जी नावं आहेत तीच अर्जावर हवीत. कार्यकारिणी बदलली असेल तर ९० दिवसांत कलम २२ चा फेरफार अहवाल द्यायचा असतो. तो मंजूर व्हायला वेळ लागतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून दाखल केल्याची पोच, सभेची नोटीस आणि ठराव, तिन्ही अर्जाला जोडा. दाखलच केला नसेल तर सचिवाच्या सहीवरच आक्षेप येतो.

उद्देश. घटनेत "शैक्षणिक व सामाजिक" एवढंच असेल आणि कला-संस्कृती नसेल तर अर्ज पहिल्याच चाळणीत बाहेर. १८६० च्या कायद्यात उद्देशबदलाला दोन विशेष सभा लागतात, दोन्हींत तीन-पंचमांश मतं, मधे एक महिना. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी दीड-दोन महिने, वर धर्मादाय कार्यालय. आज घटना उघडून बघा.

घटना मराठीत असेल तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. मंडप, ध्वनी, छपाई यांची प्रत्येकी तीन दरपत्रकं, तीन वेगळ्या लोकांची. एकाच संगणकावर टाईप केलेली तीन दरपत्रकं तपासणारा लगेच ओळखतो, चूक तिन्हींत एकाच ठिकाणी असते. वर्ग भरतो त्या शाळेचं किंवा समाजमंदिराचं जागेबद्दल पत्र. आणि अंदाजपत्रकात "इतर" किंवा "किरकोळ" ही ओळ नको. पाणी, झाडू, विमा, जे असेल ते नावानिशी.

शेवटचं, आणि हे सांगलीकरांनाच सांगावं लागतं: अर्जाचं पहिलं पान १८४३, विष्णुदास भावे आणि नाट्यपंढरी यांत घालवू नका. मिरज म्हटलं की अब्दुल करीम खाँसाहेबही येणारच. एक ओळ पुरे. तपासणाऱ्याला हवं असतं ते कोण शिकवणार, कुठे, कोणत्या वारी, किती वाजता.

---

वारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. घटना उघडली, उद्देशात "ललित कला" आहे, सुटलो. १२एची तारीख मात्र खतावणींनी म्हटल्याप्रमाणे उलटलेली आहे, सोमवारी लेखापालांकडे जातोय.

अजून चार शंका. आमचे स्वयंसेवक फुकट काम करतात, त्यांचं श्रममूल्य २५ टक्क्यांत धरता येतं का? एका सराफांनी महोत्सवाला ५० हजार देऊन मंचावर फलक लावायची तयारी दाखवली आहे, घ्यावेत का? मंडपवाल्याला रोख हवे आहेत. आणि उपयोगिता प्रमाणपत्रात (अनुदान कशावर खर्च झालं याचा दाखला) लोक नेमके कुठे चुकतात?

---

खतावणी

श्रममूल्य धरू नका. ज्याला पावती नाही, बँकेतली नोंद नाही, ते हिशेबपत्रकात येत नाही. काही जण मानधनाचा धनादेश देऊन दुसऱ्या दिवशी तेवढीच देणगी परत घेतात. आकडा तोच, तारीख एका दिवसाच्या अंतराने, नाव तेच. लेखापरीक्षक ते पाच मिनिटांत काढतो. २५ टक्के खऱ्या पैशांनीच उभे करा. ६२,५०० म्हणजे १,००० च्या ६३ देणग्या. २,००० वरची रोख देणगी ८०जी सवलतीला चालत नाही, म्हणून मोठी देणगी बँकेतूनच घ्या.

सराफांचे पैसे घ्या, पण कशा नात्याने ते ठरवा. "यांच्या सौजन्याने" एवढी कृतज्ञतेची पाटी असेल तर देणगी. दागिन्यांचा फोटो, पत्ता, "मजुरीवर सूट" असं आलं की ती जाहिरात, म्हणजे व्यावसायिक उत्पन्न. कला-संस्कृतीच्या संस्था आयकरात सार्वजनिक उपयोगितेच्या गटात धरल्या जातात आणि त्यांचं असं व्यावसायिक उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत राहावं लागतं. तिकीटविक्रीही त्याच खात्यात मोजली जाऊ शकते. या वर्षी अनुदान अडकलं आणि जमा कमी झाली तर हेच ५० हजार २० टक्क्यांच्या वर जातील. देणगीची पाटी करा, सराफांना ८०जीची पावतीही मिळेल.

मंडपवाल्याला रोख नको. न्यासाने एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलं तर तो खर्च धर्मादाय कामावरचा म्हणून धरत नाहीत. शिवाय एका बिलात ३०,००० च्या वर कंत्राट गेलं की टीडीएस, म्हणजे बिलातूनच कर कापणं: व्यक्ती असेल तर १ टक्का, कंपनी वा भागीदारी असेल तर २. त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक हवा. तो आत्ताच काढा, महोत्सवाच्या आठवड्यात आठवतो आणि तेव्हा उपयोग नसतो. दर ठरवतानाच मंडपवाल्याला सांगा की पैसे खात्यात येतील आणि टीडीएस कापून येतील. नंतर सांगितलं की तो तेवढाच दर वाढवतो.

उपयोगिता प्रमाणपत्र, नमुना १२-ए. चूक इथे होते: लोक फक्त मिळालेल्या १,४०,६२५ चा खर्च दाखवतात. दाखवायचा असतो पूर्ण २,५०,००० चा, तुमच्या वाट्यासह. खर्च कमी झाला तर अनुदानही कमी होतं. समजा महोत्सव २ लाखांतच उरकला. ७५ टक्के म्हणजे १,५०,०००, त्यातले १,४०,६२५ आधीच मिळालेले. दुसरा हप्ता फक्त ९,३७५. "काटकसर केली" म्हणून कोणी शाबासकी देत नाही, म्हणून अंदाजपत्रक मुळातच फुगवू नका.

अनुदानाला वेगळं बचत खातं उघडा. त्यावरचं व्याज सरकारला परत करायचं असतं, आणि इतर पैशांत मिसळलं की ते वेगळं काढताना दमछाक होते. प्रमाणपत्रावर लेखापालाचा यूडीआयएन, म्हणजे पडताळणीचा क्रमांक असलाच पाहिजे. फोटोंमध्ये फलक आणि तारीख दिसू द्या, मंचासोबत प्रेक्षकही दिसू द्या. नुसते हार घालतानाचे फोटो पाठवलेत तर कार्यक्रम झाला की सत्कार, हेच कळत नाही.

---

पारावरचा

मधेच विचारतो. आमचं भजनी मंडळ कुठेच नोंदलेलं नाही. आम्हाला यातलं काही?

---

फेरफार

संस्थेच्या नावाने मागायच्या योजनांत नाही. वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१सी खाली परवानगी घेता येते, गणेशोत्सव मंडळं घेतात तीच. त्यातून वर्गणी कायदेशीर होते, अनुदान मिळत नाही. वैयक्तिक अनुदानाला मंडळातला एकजण स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो. १८ ते २५ वयाच्या कलाकाराला मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, महिना ५,०००, दोन वर्षं. पखवाज शिकणारं कुणी असेल तर तिथे बघा.

नोंदणी करायची तर सात सभासद पुरतात. पण ३ वर्षांची अट नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, मंडळाच्या स्थापनेपासून नाही. मंडळ शंभर वर्षांचं असलं तरी. तोवर एखाद्या जुन्या नोंदणीकृत संस्थेबरोबर लेखी करार करून तिच्या नावाने अर्ज करता येईल. मात्र पैसा, हिशेब आणि जबाबदारी तिची असते, हे मंडळातल्या सगळ्यांना आधी सांगा.

---

वारणाकाठ

शेवटचं एक. तंबोरे आणि हार्मोनियम वर्ष संपल्यावर मुलांच्या घरी ठेवले तर चालतील का? सरावाला तेच बरं पडेल.

---

मंद्रसप्तक

ठेवा, पण मालकी संस्थेचीच. सीएसआरमधून घेतलेली मालमत्ता नोंदणीकृत न्यास किंवा संस्थेच्या नावावर राहावी लागते. मालमत्ता नोंदवहीत प्रत्येक वाद्याला क्रमांक द्या, तोच क्रमांक वाद्यावर आतल्या बाजूला रंगवा, आणि घरी देताना पालकाची सही असलेली पावती घ्या. तीन महिन्यांनी एकदा सगळी वाद्ये एकत्र आणून मोजणी आणि दुरुस्ती. पावसाळ्यात तंबोरे मात्र घरी नको, पत्र्याच्या खोलीत ओल धरली की भोपळ्याला बुरशी येते आणि तबलीचा (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाचा) जोड सुटतो. जून ते सप्टेंबर ते संस्थेतच, खुंट्या थोड्या सैल करून ठेवा.